वरखर्च

गेल्या पावसाळ्यात अंबरनाथहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये एका सद्गृहस्थांशी माझी चांगलीच जुंपली. गृहस्थ कुठल्याशा कारखान्याच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, वाचनाचे शौकीन, आणि माझी एक कादंबरी त्यांनी विकत घेऊन वाचलेली; तेव्हा मी आधीच निम्मा जिंकला गेलो होतो. बोलता बोलता विषय चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणींवर गेला. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कोळसा निघतो जमिनीखाली. वरती ही न्हाणीघरे, उपाहारगृह, लॅम्परूम, आग विझवायच्या टाक्या, हा सगळा वरखर्च! त्यातून टोपलीभर तरी कोळसा निघतो का?"

विठ्ठलवाडी गेले, कल्याण गेले, गर्दीचा लोंढा आत आला आणि माझे उत्तर घशातच राहिले. ते आज देतो. सणासुदीच्या अंकात कोळसा कशाला उगाळता, असे वाचकांनी कृपा करून म्हणू नये. आपल्या दारातल्या विजेच्या माळांमागे चंद्रपूरचे औष्णिक केंद्रही आहे, आणि त्या केंद्रामागे कोळसा आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, त्याच बाजूच्या एका भूमिगत खाणीत लॅम्परूमवर आहेत. एका मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. खाण म्हणजे अंधार, घाम आणि सुरुंग, अशी माझी कादंबरीवाल्याची कल्पना. दाजींनी मला प्रथम कुठे नेले असेल, तर आपल्या खोलीत. भिंतीला लागून घडवंच्या, त्यांवर ओळीने टोपीला लावायचे दिवे, प्रत्येकावर नंबर. कामगार पाळीला येतो, आपल्या नंबराचा दिवा घेतो, बिल्ला देतो आणि खाली उतरतो. पाळी सुटली की दिवा परत जागेवर. मी म्हणालो, "हे तर शाळेच्या ग्रंथालयासारखे झाले." दाजी हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमचे पुस्तक परत नाही आले तर दंड होतो. इथे घडवंचीवर जागा रिकामी दिसली, म्हणजे माणूस खाली आहे. खाली आग लागली, तर साहेब पहिला प्रश्न मला विचारणार, किती आहेत आणि कोण कोण आहेत."

आता त्या हिशेबनीस गृहस्थांनी सांगावे, ही खोली वरखर्चाच्या कोणत्या रकान्यात घालायची?

खाण श्वास घेते, ही कवीची अतिशयोक्ती नव्हे. एका तोंडाने ताजी हवा आत जाते, प्रत्येक बोगद्यातून फिरते आणि दुसऱ्या तोंडावरचा मोठा पंखा ती बाहेर ओढून काढतो. याचा अर्थ असा की, हवा आत घेणाऱ्या तोंडाशी काही पेटले, तर तो धूर वर आकाशात जाईलच असे नाही. पंखा तो इमानेइतबारे खाली माणसांकडे पोहोचवील. आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असा वायू की, त्याला ना रंग ना वास. बंगालमधल्या न्यू केंदा खाणीत 1994 साली आग लागली आणि 55 माणसे गेली. बेल्जममधल्या मार्सिनेल येथे 8 ऑगस्ट 1956 रोजी एक वाघीण पाळण्यात नीट बसली नव्हती. पाळणा वर निघाला, बाहेर राहिलेल्या वाघिणीने तेलाचा नळ आणि विजेच्या तारा तोडल्या, आणि जिथून हवा आत शिरते त्याच विहिरीत आग भडकली. 262 माणसे मेली.

परंतु गृहस्थांना उत्तर म्हणून मला याहून जुनी हकीकत पुरेशी वाटते. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया संस्थानात अ‍ॅव्हनडेल नावाची खाण होती. आत जायला आणि बाहेर यायला एकच उभी विहीर, आणि कोळसा फोडून निवडण्याची भली मोठी लाकडी इमारत थेट त्या विहिरीच्या डोक्यावर बांधलेली. का, तर कोळसा वर आला की तसाच यंत्रात जावा, वाहून नेण्याचा खर्च नको. दुसरी विहीर खणायची, तर तोही खर्चच. 6 सप्टेंबर 1869 रोजी आग लागली, वरची इमारत पेटली आणि जळते लाकूड विहिरीत कोसळले. खालच्या एकालाही बाहेर पडता आले नाही. शोधायला उतरलेल्या दोघांसह 110 जण गेले. वरची बचत खालच्यांनी फेडली! पुढच्याच वर्षी तिथे दोन वाटांचा कायदा झाला. इंग्लंडात तो त्याआधीच, 1862 साली झाला होता. तोही हार्टली खाणीच्या एकुलत्या एका विहिरीत पंपाची प्रचंड तुळई कोसळून 204 माणसे अडकून मेल्यावर.

आपल्याकडे 1957 चे कोळसा खाण विनियम होते, 2017 साली नवे आले. खाणीच्या तोंडाजवळचे बांधकाम न जळणारे असावे, हे आपल्या नियमांनाही ठाऊक आहे. त्यातून वर्धा खोऱ्यातला कोळसा असा की, हवा लागली की आपोआप तापतो. काडी ओढायचीही गरज नाही. तेव्हा पाण्याची टाकी भरलेली असणे, नळाला दाब असणे, वाळूच्या बादलीत वाळूच असणे, या गोष्टी तिथे कोळसा खणण्याइतक्याच कामाच्या आहेत. पण नियम भिंतीवर लटकतो आणि बादलीत पानाच्या पिचकाऱ्या पडतात. हे मी खाणीविषयी बोलत नाही. एका शाळेत मी अनेक वर्षे शिकवत होतो, तिथली लाल बादली मला आठवते, आणि ती पाहून रोज वर्गात जाणारा मीही आठवतो.

माझा दुसरा गुन्हा याहून मोठा आहे. माझ्या कादंबरीत मी आगीचा प्रसंग घातला होता. नायक ज्वाळांत उडी घेतो, मित्राला खांद्यावर टाकून आणतो. वाचकांची पत्रे आली. लॅम्परूममधल्या माणसाला मात्र त्या पुस्तकात एक ओळही नव्हती. ज्याच्यामुळे नायकाला उडी घ्यावीच लागत नाही, असा माणूस आम्हा लेखकांना कंटाळवाणा वाटतो; आणि हिशेबनिसांना तो वरखर्च वाटतो. आमच्यात फारसा फरक नाही.

अंबरनाथ हे तर एके काळी विम्कोच्या आगकाड्यांचे गाव. आग म्हणजे काय, हे या गावाला शिकवायला नको. शेजारच्या डोंबिवलीत औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, 23 मे 2024 ला पुन्हा झाला. दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा आमच्या आळीत चार दिवस तावातावाने चर्चा झाली.

त्या लोकलमधल्या वादानंतर मी घरी आलो आणि आमच्या इमारतीच्या जिन्यातली लाल पेटी प्रथमच उघडून पाहिली. आत दोन जुन्या चपला, पताकांचे बोचके आणि गेल्या वर्षीचा आकाशकंदील. नळी नाही. मी सामान बाहेर काढले, तर शेजारच्या वहिनी रागावल्या, "अहो मास्तर, वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू, ठेवायची तरी कुठे?" मी हट्टाने विषय सोसायटीच्या सभेत नेला. तासभर वाद झाला, नळी घ्यायचे ठरले. खजिनदारांनी इतिवृत्तात नोंद केली, तीही मी वाचली: 'किरकोळ वरखर्च'. नळी अजून यायची आहे.