लस हवी, लशीच्या कागदाची उतरंड नको

परदेशी नोकरीसाठी निघालेल्या माणसाने कोणती लस टोचून घ्यावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि तिचे प्रमाणपत्र कोणी ग्राह्य मानावे, हे प्रश्न निव्वळ वैद्यकशास्त्राचे आहेत असे भांडवली वृत्तपत्रे सांगत असतात. कोरोनाच्या साथीने हा समज पार खोटा ठरविला. तरीही त्या साथीपासून दोन चुकीच्या भूमिका समाजात रुजल्या आहेत आणि त्यांचे पडसाद पुरोगामी वर्तुळांतही उमटताना दिसतात.

पहिली भूमिका सुखवस्तू सुशिक्षितांची. ते म्हणतात, नियम सर्वांना सारखे आहेत. जो कामगार लशीबाबत कुरकुर करतो तो अडाणी आहे. दुसरी भूमिका वरकरणी साम्राज्यवादविरोधी दिसते. लस म्हणजे मक्तेदार औषध कंपन्यांचा डाव, म्हणून लशीची प्रत्येक अट झुगारून द्यावी, असे तिचे म्हणणे. या दोन्ही भूमिकांचा परामर्श घेणे आवश्यक आहे, कारण दोन्ही अखेर श्रमिकाच्याच मुळावर येतात.

नियम सर्वांना सारखे आहेत काय? जागतिक आरोग्य संघटनेचे २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम उघडून पाहावेत. सामान्य प्रवाशावर प्रवेशाची अट म्हणून लस सहसा लादता येत नाही, असे एकतिसावे कलम म्हणते. मात्र जो तात्पुरत्या वा कायम वास्तव्यासाठी येतो त्याला ते या संरक्षणातून वगळते. आरोग्यविषयक उपायांचा खर्च प्रवाशाकडून वसूल करण्यावर चाळिसावे कलम मर्यादा घालते. पण त्याचा आरंभच वास्तव्यासाठी येणाऱ्यांचा अपवाद करून होतो. म्हणजे सहलीला किंवा सौद्याला आलेल्या धनिकाला संरक्षण, आणि राबायला आलेल्या माणसाला अपवाद! विषाणू काही व्हिसा पाहून शरीरात शिरत नाही. मग हा भेद कोणत्या शास्त्राने शिकविला? श्रम विकत घेणारा विकणाऱ्याची पाठ आणि दात तपासून घेतो, त्याच बाजाराच्या शास्त्राने.

या बाजाराचा एक नमुना अमेरिकेने २००८ साली दाखविला. कायम वास्तव्य मागणाऱ्या ११ ते २६ वयाच्या मुलींना व स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस सक्तीची करण्यात आली. तीन मात्रांचा खर्च सुमारे ३६० डॉलर, आणि तो अर्जदार स्त्रीनेच सोसावयाचा. अमेरिकेच्या संघ सरकारने आपल्या नागरिक स्त्रियांवर मात्र अशी सक्ती कधी केली नाही. स्थलांतरितांच्या व स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठविल्यानंतर डिसेंबर २००९ मध्ये ही अट मागे घ्यावी लागली. येथे नीट ध्यानात घ्यावे की लस वाईट नव्हती. तो कर्करोग टाळण्याचे ते उत्तम साधन आहे आणि प्रत्येक मुलीला ते विनामूल्य मिळाले पाहिजे. अन्याय होता तो जिला मत नाही, संघटना नाही, जी नकार देऊ शकत नाही, तिलाच नेमके गिऱ्हाईक बनविण्यात.

२०२१ साली भारतीयांच्या बाबतीत याहून उघडे नाटक झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठ व ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड या नावाने तयार केली. तिच्या सुमारे ५० लाख मात्रा त्या वर्षाच्या आरंभी खुद्द ब्रिटनला गेल्या आणि ब्रिटिश दंडांवर टोचल्या गेल्या. ब्रिटिश सरकारच्या लेखी त्या पूर्णतः ग्राह्य होत्या. परंतु त्याच कारखान्यातील तीच लस भारतात टोचून घेतलेला माणूस लंडनच्या विमानतळावर उतरला, की तो लस न घेतलेला ठरे आणि त्याला दहा दिवस विलगीकरणात राहावे लागे! भारत सरकारने ४ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांवर तशीच अट घातली, तेव्हा आठवड्याभरात, ११ ऑक्टोबरला, ब्रिटनने माघार घेतली. एका आठवड्यात विषाणूचे गुणधर्म बदलले होते काय? शास्त्र तेच होते. फरक पडला तो दबावाने. युरोपीय संघाने १ जुलैपासून चालू केलेल्या प्रमाणपत्रातही हेच घडले. सर्व सदस्य देशांवर बंधनकारक होत्या त्या फक्त युरोपच्या औषध संस्थेने मान्य केलेल्या लशी. कारखान्याची तपासणी आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. पण जी तपासणी ५० लाख ब्रिटिशांपुरती पुरेशी मानली गेली, ती भारतीय परिचारिकेपुरती अपुरी कशी ठरली, याचे उत्तर कोणी दिले नाही.

परकीय सरकारांवर खापर फोडून आपले राज्यकर्ते मोकळे होऊ शकत नाहीत. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राबतात. केरळ, आंध्र, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान येथील गावांप्रमाणे रत्नागिरीतील कित्येक गावांच्या चुली तेथून येणाऱ्या पैशावर पेटतात. जानेवारी २०२१ मध्ये देशात लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोणती लस कोणत्या देशात ग्राह्य धरली जाईल, याची चौकशी करून या लोकांना सावध करणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होते. प्रत्यक्षात केंद्रावर जी लस शिल्लक असेल ती माणसाने घेतली. कोव्हॅक्सिन ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे जनतेच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेच्या सहभागाने तयार झालेली लस. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, लसीकरण सुरू होऊन नऊ महिने उलटल्यावर. तोवर ती घेतलेले कामगार रजेवर आले ते गावातच अडकले. सौदी अरेबियातील नोकरी वाचावी म्हणून कोव्हॅक्सिन घेतलेल्या एका कामगाराला तिसऱ्या मात्रेसाठी केरळ उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. लशीमुळे नागरिकांचे दोन वर्ग पडल्याचे त्या न्यायालयालाही बोलून दाखवावे लागले.

जून २०२१ मध्ये शिक्षण, नोकरी वा ऑलिम्पिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना कोव्हिशील्डची दुसरी मात्रा ८४ ऐवजी २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा देण्यात आली. मुभा योग्यच होती. पण तिच्यासाठी आधी मात्रा उपलब्ध हव्यात ना! त्या उन्हाळ्यात सरकारी केंद्रांबाहेर रांगा लागत होत्या आणि उत्पादनाचा चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेला होता. तेथे कोव्हॅक्सिनच्या एका मात्रेची कमाल किंमत १,४१० रुपये ठरविण्यात आली होती. दलालाचे देणे डोक्यावर घेऊन निघालेल्या गवंड्याने हा पैसा कोठून आणावयाचा?

आता दुसऱ्या भूमिकेकडे वळू. औषध कंपन्या नफेखोर आहेत, म्हणून लसच नाकारावी, हा युक्तिवाद म्हणजे सावकार धान्य साठवितो म्हणून उपाशी राहावे असे सांगण्यासारखा आहे. सक्तीविषयी जनतेच्या मनात राग आहे आणि त्याला इतिहास आहे, हे आम्ही जाणतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली, माणसांची विटंबना केली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आजही अस्तित्वात आहे आणि जहाजाने जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. पण १८९७ मध्येच, १० जानेवारीला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. सोजिराचा बूट आणि शास्त्रज्ञाची सुई यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याचा साम्राज्यवादविरोध आंधळा आहे.

देवीच्या रोगाचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. एके काळी देवीच्या लशीचा दाखला असल्याशिवाय समुद्रापार जाणे कठीण होते. १९६२ च्या आरंभी पाकिस्तानातून आलेल्या प्रवाशांबरोबर देवी ब्रिटनमध्ये पोहोचली, तेव्हा तेथील प्रतिगाम्यांनी आशियाई स्थलांतरितांविरुद्ध काहूर माजविले. त्याच वर्षी राष्ट्रकुलातील लोकांचा प्रवेश आवळणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला. गंमत अशी की देवीने जगात घेतलेला अखेरचा बळी १९७८ साली बर्मिंगहॅममध्ये पडला, आणि तो विषाणू कोणा कामगाराच्या गाठोड्यातून नव्हे तर तेथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आला होता. मग तो दाखला रद्द कसा झाला? दारे बंद करून नव्हे. १९५८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य परिषदेपुढे देवीच्या समूळ उच्चाटनाचा प्रस्ताव मांडला. सोव्हिएत संघाने लशीच्या कोट्यवधी मात्रा दान दिल्या. भारतासह गरीब देशांतील हजारो कार्यकर्ते खेडोपाडी हिंडले. १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली आणि त्याबरोबर तो दाखलाही इतिहासजमा झाला. लशीचा कागद नाहीसा करण्याचा खात्रीचा मार्ग हाच आहे: लस प्रत्येकापर्यंत नेणे.

कोरोनाच्या वेळी या मार्गात कोण आडवे आले? लशींवरील स्वामित्वहक्क तात्पुरते स्थगित करावेत, असा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेत मांडला. श्रीमंत देशांनी तो वीस महिने रेंगाळत ठेवला आणि जून २०२२ मध्ये त्याचा सांगाडा तेवढा मंजूर केला. ज्यांनी लस बनू दिली नाही, तेच लस नसल्याबद्दल दार लावून घेत होते! आणि बाहेर हा प्रस्ताव मांडणाऱ्या आपल्या देशाने घरात काय केले होते? कसौली, कुन्नूर व गिंडी येथील सार्वजनिक क्षेत्रातील लसनिर्मिती २००८ साली परवाने स्थगित करून थांबविली गेली. त्रुटी होत्या तर त्या दुरुस्त करावयाच्या होत्या. पुढे परवाने परत मिळाले, परंतु दरम्यान बाजारपेठ खासगी कंपन्यांच्या हाती गेली.

कामगार लशीला बिचकतो, हे काही वेळा खरे असते. टोचल्यावर दोन दिवस ताप आला तर मजुरी बुडते. आखातात जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत ‘अनफिट’ असा शिक्का बसला तर दलालाला दिलेले पैसे बुडतात. अशा माणसाला सुई म्हणजे आणखी एक चाळणी वाटली, तर त्यात नवल ते काय? त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याला पगारी रजा मिळवून देणे, त्याच्या भाषेत लशीची माहिती देणे आणि त्याचा विश्वास संपादन करणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते आपले काम आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, परदेशी रोजगारासाठी लागणारी प्रत्येक लस व तपासणी जिल्हा रुग्णालयात विनामूल्य मिळावी. हा खर्च मालकाकडून किंवा सरकारने सोसावा, कामगाराने नव्हे. दोन, ज्या देशांत आपले कामगार जातात त्या देशांशी लशींच्या परस्पर मान्यतेचे करार साथ येण्यापूर्वी व्हावेत. तीन, आंतरराष्ट्रीय नियमांतील वास्तव्यार्थींचा अपवाद काढून टाकण्यासाठी भारताने पुढाकार घ्यावा. चार, सार्वजनिक क्षेत्रातील लस कारखान्यांना भांडवल व मागणी यांची हमी मिळावी.

स्थलांतरितांच्या गावांत काम करणाऱ्या सभासदांनी या मागण्या कामगार संघटना, शेतमजूर संघटना व महिला संघटना यांच्या व्यासपीठावर नेल्या पाहिजेत. त्याच वेळी लशीविरुद्धच्या प्रत्येक अफवेला घरोघरी जाऊन उत्तर दिले पाहिजे. जो या दोहोंपैकी एकच काम करील तो अर्धेच काम करील. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपला कामगार पुन्हा विमानतळाच्या काचेबाहेर कागद हातात धरून उभा राहता कामा नये, एवढी तयारी मात्र आजपासून करता येईल.