कपाटातील गाणी हाताशी यावीत म्हणून

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाचा एक खण कॅसेटींनी भरलेला असेल. पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली नावे पुसट झाली आहेत, टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल पडला आहे आणि तो दुरुस्त करणारा कारागीर आता गावात उरलेला नाही. घरातील तरुण मंडळी सांगतात की, आता सारे काही मोबाइलवर मिळते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ज्येष्ठांच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

आमच्या परिचयातील एका घरातील अनुभव सांगतो. तेथील आजोबा ८४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. नातवाने त्यांच्या मोबाइलवर हौसेने गाण्यांचे ॲप घालून दिले. आजोबांच्या हाताला थोडा कंप आहे. काचेवर बोट नेमके पडत नसे. अक्षरे बारीक, मध्येच जाहिरात. प्रत्येक वेळी सुनेला हाक मारावी लागे. काही आठवड्यांनी हाक येईनाशी झाली आणि घरच्यांनी समजून घेतले की, गाण्याची आवड ओसरली. पुढे एकदा आजोबा सहज बोलून गेले, "दर वेळी कुणाला तरी कामातून उठवायचं, ते बरं वाटत नाही." त्या घराने मग जो मार्ग काढला, तो आपणासही उपयोगी पडेल.

या मार्गाचे नाव नेटवर्क म्युझिक प्लेअर. नाव अवघड असले तरी रचना सोपी आहे. घरातील सर्व गाणी एका ठिकाणी, हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर साठवायची. ती डिस्क एखाद्या लहान संगणकाला किंवा तशी सोय असलेल्या राउटरला जोडलेली असते. ज्येष्ठांच्या खोलीत प्लेअर व स्पीकर असतो. तो घरातल्याच वाय-फायवरून गाणी मागवून घेतो आणि वाजवतो. यासाठी बाहेरचे इंटरनेट चालू असण्याची गरज नसते; राउटरला वीज मिळत असली की पुरे. दरमहा वर्गणी नाही आणि जाहिरातही नाही.

साठवणीची चिंता करू नये. सीडीच्या प्रतीचा एक तासाचा आवाज सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. गुणवत्ता न गमावता आवाज आटोपशीर करणाऱ्या फ्लॅक स्वरूपात तो साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे ६० मिनिटांच्या १०० कॅसेटी ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सामावतात. मात्र एक प्रत दुसऱ्या डिस्कवर अवश्य ठेवावी. उपकरण जुने होते, कंपन्या ते बंदही करतात. या प्रकारातील गाजलेले स्क्वीझबॉक्स हे प्लेअर लॉजिटेक कंपनीने २०१२ साली बंद केले. त्यांना गाणी पुरवणारा विनामूल्य प्रोग्राम मात्र आज लिरियन या नावाने चालू आहे. म्हणून गाणी फ्लॅक किंवा एमपी३ अशा सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात असावीत. प्लेअर बदलला तरी संग्रह अबाधित राहतो.

आता कष्टाचा भाग. कॅसेट संगणकावर उतरवण्यास ती पूर्ण वाजेल तेवढाच वेळ लागतो. चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर मिळवून तो संगणकाला जोडावा. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्रामने आवाज नोंदवता येतो. वर्षानुवर्षे पडून असलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे व मागे फिरवून मोकळी करावी. दमट हवेत राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी.

हे काम तरुणांनी एकट्याने उरकू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वर सांगितलेल्या घरी एका कॅसेटीवर नुसते "भजन" असे लिहिले होते. वाजवली तेव्हा कळले की, ती दिवंगत आजींच्या भजनी मंडळाची तालीम आहे. मध्ये मध्ये हसणे, टाळ जुळवणे, चहाची चौकशी. त्या नऊ आवाजांपैकी सात आजोबांनी ओळखले, नावे सांगितली, कोण कोणत्या आळीत राहत असे तेही सांगितले. उरलेले दोन आवाज आता कोणालाच ओळखता येणार नाहीत. फीत आणखी काही वर्षे टिकेल. ती ओळखणारी स्मृती टिकेलच याची शाश्वती नाही. म्हणून रोज एक कॅसेट, ज्येष्ठांच्या शेजारी बसून, हातात वही घेऊन उतरवावी. ते बोलू लागले तर त्यांचे बोलणेही मोबाइलवर नोंदवून ठेवावे.

वाजवण्याची सोय कमीत कमी कळांची असावी. पूर्वनियोजित कळा असलेला प्लेअर निवडावा. त्या घरी सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा चार कळा ठरवल्या, त्यांवर ठळक अक्षरांच्या पट्ट्या चिकटवल्या; आवाजाची कळ तेवढी वेगळ्या रंगाची. वायर मात्र चालण्याच्या वाटेत कधीही येऊ देऊ नये. पाय अडकून पडणे या वयात महाग पडते.

प्रकृतीच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वयानुसार प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. तेव्हा आवाज वाढवत नेण्यापेक्षा स्पीकर खुर्चीजवळ आणावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, अशी मर्यादा सुचवली आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी संगीतासाठी त्यात वेगळी जुळणी करता येईल का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारावे.

माणसाला साधारण १० ते ३० या वयातील आठवणी अधिक ठळक राहतात. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा शाळेत असलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांचा खजिना त्या काळात शोधावा. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीलाही पुष्कळदा जुनी चाल ओळखू येते. संगीताने हा आजार बरा होत नाही. परंतु अस्वस्थ संध्याकाळ काहीशी निवळू शकते. एखाद्या गाण्याने डोळे भरून आले, तर लगेच बंद करण्याची घाई नको, जवळ बसावे. अस्वस्थता वाढू लागली, तर मात्र ते थांबवावे आणि त्या यादीतून काढावे. दिवसभर गाणे चालू ठेवू नये. शांततेचीही मनाला गरज असते.

त्या घरी आता सकाळी सहाच्या सुमारास आजोबांच्या खोलीतून भजनाचे सूर येतात. सुनेला कोणी हाक मारलेली नसते. आपल्या कपाटाचा तो खण या रविवारी उघडावा आणि पहिली कॅसेट कोणती, हे ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे.