मेरिटचा मालक कोण?

आरक्षणाचा विषय निघाला की सवर्ण मित्रांचं शेवटचं हत्यार ठरलेलं असतं. "ऑपरेशन टेबलवर तू असलीस तर चालेल का कोटावाला डॉक्टर?" समाजशास्त्रात पीएचडी करताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता मीच उलट विचारते, व्हिव्हियन थॉमस माहीत आहेत का?

अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स. एका व्यापाऱ्याच्या देणगीतून १८८९ मध्ये उघडलेलं धर्मादाय रुग्णालय. रंग न पाहता गरिबांवर उपचार करा, असं दात्यानं लिहून ठेवलेलं. वॉर्ड मात्र काळ्या-गोऱ्यांचे वेगळे. २९ नोव्हेंबर १९४४ ला तिथं डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी जन्मतः हृदयदोष असलेल्या 'निळ्या बाळा'वर शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठं, कसा हे सांगत होते थॉमस. सुताराचे पोर, काळे, डॉक्टरकीची पदवी नाही. कुत्र्यांवर शेकडो तास घालवून हे तंत्र त्यांनीच हातात बसवलं होतं. १९४५ च्या शोधनिबंधावर नावं दोनच: ब्लॅलॉक आणि हेलन टॉसिग. आधीच्या विद्यापीठात तर प्रयोगशाळेतलं हेच काम करताना त्यांची नोंद झाडूवाला अशी होती. १९७६ मध्ये हॉपकिन्सनं मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची!

मित्र म्हणतात, ते अमेरिकेत. मग आपल्या सरकारी शवविच्छेदनगृहात चला. सुरी बऱ्याचदा सफाई कामगाराच्या हातात, अहवालावर सही डॉक्टरची. त्या कामगाराची जात मी सांगायला हवी का? मेरिटवाल्यांनी आधी त्याच्या पदाचं नाव बदलून दाखवावं, आणि पगारही.