डेटा कॅटलॉगचे अलर्ट म्यूट का होतात? दोष कर्मचाऱ्याचा नाही, सेटिंगचा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' असा मेसेज पडतो आणि निम्म्या घरांना तो दुसऱ्या दिवशी नळ कोरडा पडल्यावरच कळतो. कारण ग्रुप कधीच म्यूट झालेला असतो. शुभ सकाळ, वाढदिवस, हरवलेली किल्ली या सगळ्यात पाण्याचा मेसेज वाहून जातो. कंपन्यांच्या डेटा टीममध्ये सध्या हेच होतंय, फक्त ग्रुपऐवजी स्लॅक किंवा टीम्सचं चॅनल असतं आणि मेसेज पाठवणारा माणूस नसून डेटा कॅटलॉग असतो.

डेटा कॅटलॉग म्हणजे काय?

ग्रंथालयात पुस्तक शोधायला जशी सूची, तशी कंपनीच्या डेटाची सूची म्हणजे डेटा कॅटलॉग. कोणतं टेबल कुठे आहे, त्यातल्या कॉलमचा अर्थ काय, त्याचा ओनर कोण, त्यावर कोणते डॅशबोर्ड चालतात, हे सगळं एका ठिकाणी. लिंक्डइनने आपलं डेटाहब 2020 मध्ये ओपन सोर्स केलं. त्यानंतर ओपनमेटाडेटा आलं. मायक्रोसॉफ्टचं पर्व्ह्यू, कोलिब्रा, अॅटलान अशी इतरही नावं आहेत. टेबलमध्ये काही बदललं की संबंधितांना कळवणं, हे या सॉफ्टवेअरचं एक महत्त्वाचं काम.

ओपनमेटाडेटाचं उदाहरण घेऊ. तिथे अलर्ट तयार करताना आधी सोर्स निवडायचा, म्हणजे टेबल, पाइपलाइन, डॅशबोर्ड यापैकी कशावर नजर ठेवायची ते. मग फिल्टर: कोणता ओनर, कोणतं डोमेन, कोणत्या प्रकारचा बदल. शेवटी डेस्टिनेशन: ईमेल, स्लॅक, टीम्स, गूगल चॅट किंवा वेबहुक. मेसेज ओनरला जाणार की फॉलोअर्सना की अॅडमिनना, हेही इथेच ठरतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि घोळ नेमका इथेच होतो. सेटअप करणारा घाईत असतो. फिल्टर रिकामा सोडला की सगळं येतं आणि 'काही सुटायला नको' म्हणून तो रिकामाच सोडला जातो. मग कुणीतरी वर्णनातली शुद्धलेखनाची चूक सुधारली तरी चाळीस जणांच्या चॅनलवर मेसेज.

पहिला आठवडा सगळे वाचतात, दुसऱ्या आठवड्यात नुसतं स्क्रोल होतं आणि तिसऱ्यात चॅनल म्यूट. पुढे काही बिघडलं की मीटिंगमध्ये विचारलं जातं, 'अलर्ट आला होता ना, मग पाहिला का नाही?' हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. म्यूट करणारा आळशी नसतो. 'लांडगा आला रे आला' रोज ऐकणारं गाव जे करतं, तेच तो करतो.

हे फक्त सॉफ्टवेअरचं दुखणं नाही. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला आणि 26 जण जखमी झाले. ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेच्या तपासात निघालं, की स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरसमोर 275 अलार्म आले होते. अलार्म जास्त आणि त्यांची प्राधान्यं नीट ठरवलेली नाहीत, हा त्या तपासाचा एक निष्कर्ष होता. डेटा टीममध्ये स्फोट होत नाही, हे खरं. पण 275 वाचणारा माणूस तोच असतो.

रुपये की पैसे?

आता उलट बाजू. सगळे अलर्ट चालू असूनही खरी चूक निसटू शकते. समजा, ऑर्डरच्या टेबलमध्ये 'रक्कम' हा कॉलम आहे. आजवर त्यात रुपये येत होते. एका रिलीजनंतर पैसे यायला लागले. अनेक पेमेंट गेटवेंचे एपीआय रक्कम पैशांतच देतात, त्यामुळे हे अगदी शक्य आहे. कॉलमचं नाव तेच, प्रकारही तोच, पूर्णांक. स्कीमा बदललाच नाही, म्हणून स्कीमा बदलाचा अलर्ट वाजणार नाही. डॅशबोर्डवर मात्र विक्री शंभरपट. इथे उपयोगी पडते ती डेटाच्या मूल्यांवर लावलेली टेस्ट: सरासरी अमुक मर्यादेच्या बाहेर गेली की ती फेल होते आणि तिच्या निकालावर अलर्ट लावता येतो. बऱ्याच टीम वर्णनातल्या बदलांचे शंभर मेसेज सहन करतात, पण अशी एक टेस्ट लिहीत नाहीत. कारण टेस्ट लिहायला त्या डेटाचा अर्थ माहीत असावा लागतो, मेसेज चालू करायला एक क्लिक पुरतो.

दुसरी गोम ओनरची. आपल्याकडच्या आयटीत माणूस वर्ष-दोन वर्षांत कंपनी बदलतो, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. कॅटलॉगमध्ये ओनर म्हणून त्याचंच नाव राहतं आणि अलर्ट बंद झालेल्या मेलबॉक्सकडे इमानेइतबारे जात राहतात. ओनर म्हणून व्यक्तीऐवजी टीम नोंदवायची सोय या साधनांमध्ये आहे. ती न वापरण्याला काहीच सबब नाही.

ग्राहकांचे मोबाइल नंबर, पॅन असलेल्या कॉलमबाबत तर हे आणखी गंभीर. कॅटलॉगमध्ये अशा कॉलमला 'वैयक्तिक माहिती'चा टॅग लावतात आणि अनेक ठिकाणी कोणाला काय दिसावं, हे त्या टॅगवरून ठरतं. टॅग चुकून निघाला आणि ते कुणालाच कळलं नाही तर? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाच्या सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. टॅग काढल्याचा अलर्ट शुद्धलेखनाच्या अलर्टच्या शेजारी, त्याच म्यूट चॅनलवर पडत असेल, तर तो नसल्यातच जमा.

म्हणून नवा अलर्ट मंजूर करण्याआधी टीम लीडने एकच गोष्ट विचारावी: हा मेसेज आल्यावर कोण, काय करणार? उत्तर 'बघून ठेवतील' असं आलं, तर तो रोजच्या एका ईमेल सारांशात टाकावा किंवा लावूच नये. टेस्ट फेल, कॉलम काढणं, वैयक्तिक माहितीचा टॅग बदलणं एवढंच थेट चॅनलवर यावं, तेही त्या टेबलच्या टीमच्या चॅनलवर. आणि तीन महिन्यांत ज्या अलर्टवर कुणी काहीच केलं नाही, तो टीमने मिळून बंद करावा. आज तो बंद होतोच आहे, फक्त प्रत्येक जण आपापल्या फोनवर, कुणाला न सांगता करतोय.