खाऊतले कृत्रिम रंग आणि आपली जबाबदारी



मधली सुट्टी संपली की मुलांच्या जिभा बघा. कुणाची निळी, कुणाची केशरी, कुणाचे ओठ लालभडक! आपण हसून सोडून देतो. पण हा रंग फळांचा नसतो.

आपल्या देशात खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच. टारट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०) आणि पोन्सो ४आर (१२४) हे त्यातलेच. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांना असे रंग व सोडियम बेंझोएट मिसळलेलं पेय दिलं, तेव्हा काहींची चंचलता वाढलेली दिसली. त्यानंतर २०१० पासून युरोपीय संघाने सहा रंगांसाठी पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक केले. वरचे तिन्ही रंग त्या सहांत आहेत.

म्हणून वर्गातल्या प्रत्येक चुळबुळ्या मुलाचं खापर रंगांवर फोडू नका. तो परिणाम सरासरीने लहान होता, सगळ्या मुलांवर सारखाही नव्हता. पण ज्या रंगाने पोषण काडीचंही मिळत नाही, तो रोज पोटात कशाला घालायचा?

त्याहून मोठी काळजी सुट्या खाऊची. २०२४ मध्ये तमिळनाडूत कॉटन कँडीत रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला आणि तिच्या विक्रीवर बंदी आली. पाकिटावर निदान क्रमांक तरी असतो; बर्फाच्या गोळ्यावर काय वाचणार?

मुलांना नुसतं "खाऊ नका" सांगून भागत नाही. वाढदिवसाला वर्गात रंगीत गोळ्या वाटायच्या आणि परिपाठात आरोग्यावर बोलायचं, हे मुलांना पटेल का? त्याऐवजी चिक्की, राजगिऱ्याचा लाडू किंवा केळी वाटूया. तिसरी-चौथीच्या मुलांना रिकामी वेष्टनं आणायला सांगा. त्यावरचे रंगांचे क्रमांक शोधून वहीत लिहू द्या. मराठी वाचन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्ही एकाच तासात होतील.

पालकांनो, दुकानात पाकीट घेताना ते आधी मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, "वाच बरं, यात काय काय आहे?" सक्तीपेक्षा ही सवय जास्त दिवस टिकेल. आपण मुलांना वाचायला शिकवतो, ते अशा वेळी कामी यायला हवं.