टेंडरवर हरकत घ्यायची, पण कुणाकडे?

महापालिकेच्या टेंडरमध्ये लहान ठेकेदार बहुतेक वेळा दरात हरत नाही, अटीत हरतो. चार प्रभागांची कामं एकत्र करून एकच मोठं टेंडर काढायचं, मग उलाढालीची अट आपोआप वाढते. नाहीतर 'अ' पाकिटात एखादा कागद कमी दाखवायचा. 'ब' पाकीट, म्हणजे दराचं, उघडतच नाही. पोर्टलवर एका ओळीत 'अपात्र'. विषय संपला.

मग तक्रार कुठे करायची? ज्या खात्याने अट घातली त्याच खात्याकडे. पुढच्या महिन्यात बिल त्याच टेबलावर अडकणार हे माहीत असल्यावर कोण तोंड उघडेल?

राहिलं हायकोर्ट. वीस लाखांच्या ड्रेनेज लाइनसाठी मुंबई गाठायची, वकील लावायचा. त्यात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की टेंडरच्या वादात शक्यतो स्थगिती देऊ नका, चूक झाली असेल तर नुकसानभरपाईचा मार्ग दाखवा. म्हणजे काम गेलंच.

२०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेच्या निविदा अंदाजापेक्षा पंचवीस टक्क्यांहून चढ्या आल्या. शहरभर ओरड झाली, म्हणून फेरनिविदा निघाली. गल्लीतल्या कामासाठी अशी ओरड कोण करणार?

तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये टेंडरचा कायदा केला, त्यात अपिलाची सोय ठेवली. अमेरिकेत अशा हरकतीवर शंभर दिवसांत निर्णय देतात. आपल्याकडे असा कायदाच नाही. केंद्राचं २०१२ चं विधेयकही लोकसभेसोबत बारगळलं.

'हरकती घेत बसलात तर पावसाळ्याआधी नालेसफाई व्हायची कशी?' असं अधिकारी म्हणतील. मुद्दा खरा आहे. म्हणून मुदत घाला. अपात्रतेचं कारण सविस्तर लिहा, सात दिवस हरकतीला, पंधरा दिवस निर्णयाला, आणि 'ब' पाकीट त्यानंतरच. निर्णय खात्याबाहेरच्या माणसांनी द्यावा. उगाच खोडा घालणाऱ्याची अनामत जप्त करा.

हा फक्त ठेकेदारांचा प्रश्न नाही. स्पर्धक कमी झाले की दर चढतो, आणि तो फरक आपल्या मिळकतकरातून जातो. नगरसेवक मतं मागायला येतात तेव्हा एवढं एकच विचारा: अपात्र ठरलेल्याने दाद मागायची कुठे?