तुमचा उत्साह नेमका कुठून येतो? गुदगुल्या केलेल्या उंदरांची गोष्ट



मागच्या व्हिडिओनंतर एका ताईंनी विचारलं, "सर, तुमचं ऐकलं की अंगात वीज संचारते. दोन दिवस टिकते, मग पुन्हा जैसे थे. असं का होतं?" मी एका ओळीत उत्तर दिलं, "सातत्य ठेवा." पाठवलं आणि माझं मलाच पटलं नाही. ताप आलेल्या माणसाला 'ताप उतरवा' म्हणण्यासारखंच झालं ते. म्हणून आज नीट लिहितोय. उत्तर जरा लांबून येणार आहे, उंदरांना गुदगुल्या करणाऱ्या एका शास्त्रज्ञाकडून. थोडा दम धरा.

याक पँकसेप हे त्यांचं नाव. जन्म १९४३ चा, एस्टोनियातला. युद्धाच्या धामधुमीत घरच्यांनी देश सोडला आणि ते अमेरिकेत वाढले. शिकत असताना पिट्सबर्गच्या एका मनोरुग्णालयात ते रात्रपाळीला मदतनीस होते. तिथली माणसं बघून त्यांचं लक्ष भावनांकडे वळलं, आणि मग २०१७ मध्ये जाईपर्यंत त्यांनी तोच एक प्रश्न धरून ठेवला : भावना मेंदूत कुठे तयार होतात, आणि त्या फक्त माणसालाच असतात का?

प्राण्याला काय वाटतं हे विचारणंच त्या काळी प्रयोगशाळेत अडाणीपणाचं समजलं जाई. वागणूक मोजा, बाकी बोलू नका, अशी शिस्त. पँकसेप यांनी ती मोडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात त्यांच्या लक्षात आलं, की उंदरांची पिल्लं दंगामस्ती करताना साधारण ५० किलोहर्ट्झच्या पट्टीत चिवचिवतात. आपल्या कानाची धाव जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून वटवाघळांचा आवाज पकडणारं यंत्र लावलं. मग हाताने पिल्लांना गुदगुल्या केल्या. चिवचिवाट वाढला, आणि पिल्लं त्या हाताच्या मागे धावायला लागली. हे हसण्याचंच जुनं रूप आहे, असं ते उघडपणे म्हणाले. लोकांनी त्यांना हसून घेतलं, ते वेगळं.

सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर सात मूळ भावनिक यंत्रणा आहेत, अशी त्यांची मांडणी. शोध, राग, भीती, कामवासना, माया, ताटातुटीची घालमेल आणि खेळ. यातली आपल्या कामाची पहिली. शोध.

१९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की विजेचा हलका धक्का थेट मेंदूला. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. सगळे म्हणाले, सुखाचं केंद्र सापडलं! पँकसेप यांनी त्या उंदरांचं वागणं नीट बघितलं. गोड खाऊन तृप्त झालेला प्राणी असा दिसत नाही. हे तर हुंगतायत, इकडेतिकडे बघतायत, आता काहीतरी मिळणार अशा थाटात. म्हणजे ही सुखाची नसून शोधाची, अपेक्षेची यंत्रणा आहे. डोपामिन तिथे भरपूर वाहतं. खाणं समोर आलं आणि प्राणी खायला लागला, की ही धावपळ उलट मंदावते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे परत या. व्हिडिओ बघताना, लोगो निवडताना, वहीत 'पाच वर्षांचं टार्गेट' लिहिताना जी वीज संचारते, ती मला तरी याच शोधाची वाटते. मिळण्याआधीची हुंगाहुंग. धंदा हलल्याची ती खूण नाही.

आणखी एक प्रयोग जोडून सांगतो. वुल्फ्रॅम श्कुल्ट्झ यांनी माकडांवर केलेला. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी फटाफट पेटतात. पण रसाआधी दरवेळी एक खूण दाखवली, तर काही दिवसांनी पेशी खुणेलाच पेटतात. रस ठरल्याप्रमाणे आला तर ढिम्म. म्हणून पहिल्या ऑर्डरला तुम्ही पेढे वाटता आणि चाळिसाव्या ऑर्डरचा डबा पॅक करताना जांभया येतात. धंदा मात्र चाळिसाव्या ऑर्डरवरच चालतो, आणि नेमकं तिथेच आपल्याला वाटतं की 'हा धंदा आपला नव्हे, दुसरं काहीतरी बघू'.

पँकसेप यांच्या ज्या प्रयोगाने माझी झोप उडवली तो वेगळाच आहे. जन्मल्यावर लगेच काही उंदरांच्या मेंदूचा वरचा थर, म्हणजे विचार करणारा भाग, काढून टाकला होता. (वाचताना कसंसंच होतं, मलाही झालं.) ती पिल्लं मोठी झाली. खेळत होती, हिंडत होती. मग विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन उंदीर दिले, एक साधा आणि एक हा, आणि ओळखा म्हणाले. बहुतेकांनी उलट ओळखलं! वरचा मेंदू नसलेला उंदीर जास्त चपळ, जास्त उत्सुक दिसत होता. साधा उंदीर दबकून, अंदाज घेत वावरत होता.

मित्रांनो, मी किती वर्षं बॅचमध्ये हेच केलंय. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा, प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारा, तो 'उद्याचा उद्योजक'. मागे बसून गिऱ्हाईक उधारी बुडवेल का, असं पुन्हापुन्हा विचारणारी बाई, ती 'निगेटिव्ह'. तिला मी सगळ्यांसमोर तसं म्हणालोही होतो. तिची खानावळ आज चालू आहे. टाळ्यावाल्याने माझे तीन कोर्स केले, अजून गुमास्ता लायसन्सही काढलेलं नाही.

आणि ते तीन कोर्स माझ्याच खिशात आले. हेही लिहायला हवं. आमचा, म्हणजे ट्रेनर लोकांचा, धंदा बराचसा या शोधाच्या यंत्रणेवर चालतो. आम्ही दर आठवड्याला दांडी पुरवतो, तुम्ही दाबता.

कुणी म्हणेल, उंदरावरून माणसाला कशाला शिकवता? रास्त आहे. जोसेफ लडू यांच्यासारखे नावाजलेले मेंदूशास्त्रज्ञ पँकसेप यांच्याशी शेवटपर्यंत सहमत नव्हते. प्राण्याचं वागणं दिसलं म्हणून त्याला आपल्यासारखं जाणवतंच, हे सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पँकसेप यांचं उत्तर असं, की मेंदूतली ती जागा चालू करायला किंवा बंद करायला प्राणी मेहनत घेतो, म्हणजे त्याला त्याचं काहीतरी बरंवाईट वाटत असणार. मला हे पटतं. पण 'डोपामिन वाढवण्याच्या पाच ट्रिक' विकायला हा आधार पुरत नाही. तसे व्हिडिओ दिसले तर पुढे सरका, माझे असले तरी.

एक शेवटचा प्रयोग. उंदरांची पिल्लं मस्त खेळतायत. पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा छोटा पुंजका ठेवला. या पिल्लांनी जन्मात मांजर पाहिलेलं नव्हतं. खेळ जागच्या जागी थांबला. नंतर केस काढून टाकले, तरी पुढचे काही दिवस खेळ पहिल्यासारखा झाला नाही.

माझा मांजराचा केस सांगतो. मी चटण्या विकायचो तेव्हाची गोष्ट. एका घाऊक व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. पाकिटांना तेल सुटलं होतं, चूक माझीच. नुकसान महिन्याभरात भरून निघालं असतं. मी मात्र दोन महिने बाजारात पाऊल टाकलं नाही. त्या काळात केलं काय? लेबलचे अकरा नमुने काढले. रात्री जागून, उत्साहाने! घरचे म्हणायचे, किती मेहनत करतोय. शोधाच्या मागे भीती लपून बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

तर ताई, तुमची वीज दोन दिवसांनी उतरते यात तुमचा आळस नाही, ती उतरायचीच. उतरेल तेव्हा पुढचा व्हिडिओ लावू नका. ती अंगात असतानाच एक काम उरकून घ्या, ज्यात समोरचा माणूस 'नाही' म्हणू शकतो. सॅम्पल घेऊन दुकानात जाणं, क्वोटेशन पाठवणं, थकलेल्या पैशासाठी फोन करणं. आणि एखादा माल परत आला असेल, तर त्या आठवड्यात धंदा बंद करायचा की नवा काढायचा हे ठरवू नका.

मी माझ्याकडून एक बदल केलाय. येत्या बॅचपासून पहिल्या दिवसाचं माझं दोन तासांचं जोशपूर्ण भाषण रद्द. त्या वेळात प्रत्येकाने आपला माल घेऊन बाजारात जायचं आणि किती जणांनी नाही म्हटलं ते वहीत लिहून परत यायचं. हे कळल्यावर दोघांनी फोन केला, की सर, भाषणच नाही तर मग यायचं कशाला? एक जण समजावल्यावर येतोय. दुसऱ्याने फी परत मागितली, ती मी काल पाठवली.